मासा वाढतो ते ठीक, पण खातो काय?

दर तीन-चार महिन्यांनी तो फोटो फिरत फिरत माझ्याकडे येतोच. दोन मासे, एक भलाथोरला आणि दुसरा त्याच्या पिल्लासारखा दिसणारा. दोघांचं वय मात्र सारखंच. फोटो एकच असला तरी त्याखालचा मजकूर दोन प्रकारचा असतो. मावसभावाच्या ग्रुपवरून येतो तेव्हा लिहिलेलं असतं, "अमेरिकेत माशांना हार्मोनची इंजेक्शनं देऊन राक्षस बनवतात, तिकडे राहणाऱ्यांनी सावध राहा." कॉलेजच्या ग्रुपवरून येतो तेव्हा, "बघा, निम्म्या वेळात दुप्पट उत्पादन! आणि आपण बसलोय गोमूत्रावर चर्चा करत." दोन्हीकडून पुढचं वाक्य ठरलेलं: "तू तिथेच असतोस ना, तू सांग."

तर सांगतो. माझं भांडण दोघांशीही आहे. एकाला आपल्या पोटाची काळजी आहे, दुसऱ्याला देशाच्या उत्पादनाची. माशाच्या पोटाबद्दल दोघंही बोलत नाहीत, आणि सगळी गोष्ट तिथेच घडलेली आहे.

आधी तो मासा कोण ते बघू. तो अटलांटिक सामन. (सामन म्हणजे रावस नव्हे. मुंबईतल्या हॉटेलांच्या मेनूवर रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण या दोघांचं काही नातं नाही.) कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात गार्थ फ्लेचर आणि चॉय ह्यू यांच्या गटानं १९८९ साली या सामनच्या अंड्यात एक जादा जनुक घातलं. जनुक वाढीच्या हार्मोनचं, घेतलं चिनूक नावाच्या दुसऱ्या सामनकडून. ते जनुक कधी चालू राहायचं हे ठरवणारा स्विच मात्र घेतला ओशन पाउट या तिसऱ्याच माशाकडून. हा पाउट बर्फाळ पाण्यात राहतो आणि रक्त गोठू नये म्हणून एक खास प्रथिन बनवतो. त्या प्रथिनाचा हा स्विच. म्हणजे इंजेक्शनबिंजेक्शन काही नाही. त्या एका माशाच्या वंशात ते जनुक पिढ्यानपिढ्या उतरत आलं, आणि ॲक्वाबाउंटी नावाच्या कंपनीनं ते बाजारात आणायचं ठरवलं.

आणि तो राक्षसही नाही. साधा शेतीतला सामन बाजाराच्या वजनाला यायला तीन वर्षांच्या आसपास घेतो, हा दीड वर्षात येतो. फोटोतला छोटा मासा तसाच वाढू दिला तर तोही तेवढाच होतो, फक्त उशिरा. फोटो ऐन मधल्या मुक्कामावर काढलेला आहे, इतकंच.

आता मुद्द्याकडे येतो. मी जीवशास्त्रज्ञ नाही. माझं शिक्षण आणि पोटपाणी पंप, व्हॉल्व्ह आणि त्यांचं नियंत्रण यावर चालतं. पण या विषयावरचे शोधनिबंध वाचायला बसलो आणि दुसऱ्याच पानावर ओळखीचा चेहरा भेटल्यासारखं झालं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता बॉल असतो. पाणी वर आलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. माशाच्या (आणि तुमच्या-माझ्या) शरीरात वाढीच्या हार्मोनला असाच बॉल आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हार्मोन सोडते, ते यकृताला गाठतं, यकृत दुसरं एक रसायन बनवतं, आणि ते रसायन परत येऊन पिट्युटरीला सांगतं की बास, पुरे आता. शिवाय दिवस लहान झाले, पाणी गार झालं की सामनची भूकही मंदावते आणि वाढही. हिवाळ्यात खायला फारसं नसतं, तेव्हा भूक लावून घेण्यात अर्थ नाही, हे लाखो वर्षांचं शहाणपण आहे.

न्यूफाउंडलंडच्या गटानं काय केलं? तो बॉल तसाच ठेवला आणि टाकीला शेजारून एक वेगळा पाइप जोडला, ज्यावर बॉल नाही. पाउटचा स्विच वर्षभर थोडाथोडा चालू राहतो. त्याला पिट्युटरीचं 'बास' ऐकूच येत नाही, कारण त्याचा कारखाना मुळात तिकडे नाहीच. हार्मोनचा प्रत्येक थेंब प्रचंड मोठा असतो असं नाही, पण नळ कधी पुरता बंद होत नाही.

आता हार्मोन आलं म्हणून मांस हवेतून तयार होत नाही. 'ग्रोथ हार्मोन' हे नावच थोडं फसवं आहे. उपाशी माशाच्या रक्तात हे हार्मोन उलट वाढतं, आणि तरी मासा वाढत नाही! कारण त्याची कामं अनेक आहेत. साठवलेली चरबी वितळवून जाळायला काढणं हे त्यातलं एक. सामन नदीतून समुद्रात जातो तेव्हा खारं पाणी सोसायला कल्ल्यांना तयार करणं हे दुसरं. चरबी जाळून वाचलेली प्रथिनं मांसाकडे वळवणं हे तिसरं. म्हणजे हार्मोन नळ उघडतं तेव्हा शरीराची शिल्लक भराभर कमी होऊ लागते, आणि ती भरून काढायला एकच रस्ता उरतो, तो म्हणजे तोंड. वाढीचं हार्मोन म्हणजे मुख्यतः भुकेचं हार्मोन. माझ्या मते हे एक वाक्य त्या फोटोखाली छापायला हवं होतं.

हे मी मनानं सांगत नाही. हे जनुक घातलेल्या लहान सामनना साध्या सामनच्या शेजारी ठेवून कॅनडात मोजमापं झाली, २००० साली प्रसिद्ध झाली. जनुकवाला मासा दिवसाला साध्या माशाच्या दुपटीहून जास्त, अडीचपटीच्या आसपास खात होता. वाढही त्याच बेतानं अडीच-पावणेतीन पट. आणि गंमत म्हणजे पचनाची टक्केवारी जवळपास तीच! खाल्लेल्यातला किती भाग अंगी लागायचा आणि किती बाहेर पडायचा, यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे चक्की जास्त बारीक दळत नव्हती, चक्कीच मोठी झाली होती. सामनच्या जठरापुढे आतड्याला बोटांसारख्या लहान लहान पिशव्यांचा झुबका असतो, तिथे बरंचसं अन्न शोषलं जातं. आतड्याच्या घड्या आणि या पिशव्या मिळून शोषणाचं एकूण क्षेत्रफळ मोजलं, तर ते जनुकवाल्या माशात साध्याच्या दुपटीला पोचलेलं निघालं. वाढही साधारण दुप्पट, आतड्याचा पृष्ठभागही साधारण दुप्पट. इंजिनियर माणसाला असे आकडे जुळले की बरं वाटतं.

शरीर किती हुशार आहे बघा. कोणी आतड्याला सांगितलं नव्हतं की तू मोठं हो. मागणी वाढली, पुरवठा येत राहिला, आतड्यानं जागा वाढवली. पण आतडं बांधायलाही खर्च आणि सांभाळायलाही. हा मासा ऑक्सिजनही जास्त ओढतो. त्याला उपाशी ठेवलं तर तो साध्या माशासारखा पटकन दिवे मालवून बसत नाही, काही काळ जुन्याच थाटात जाळत राहतो आणि शिल्लक लवकर संपवतो. नोकरी गेल्यावरही मोठ्या फ्लॅटचं भाडं भरत राहणाऱ्या माणसासारखं.

भूक फक्त पोटात राहत नाही, वागण्यातही उतरते. शेजारी शिकारी मासा दिसत असताना साधा सामन खाणं सोडून लांब राहतो. हा मात्र धोका पत्करून घास घ्यायला जातो. हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. स्वीडनमध्ये ट्राउट माशांना हे हार्मोन बाहेरून दिलं तेव्हाही असंच झालं होतं. धीट झाले, भांडकुदळ झाले, सावधपणा कमी झाला. निसर्गानं हा वेगवान मासा आधीच का नाही घडवला याचं उत्तर इथे आहे. तो बहुधा अनेकदा घडला असेल आणि दर वेळी कोणाच्या तरी तोंडात गेला असेल.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग व्हँकुव्हरजवळचा. तिथे कॅनडा सरकारच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डेव्हलिन यांनी कोहो जातीच्या सामनमध्ये असंच जनुक घातलं होतं. त्यांचे मासे तर सरासरी अकरा पट वजनाचे झाले, १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं, आणि जगभर गाजावाजा झाला. गाजावाजा ज्याचा कमी झाला तो त्यांचा २००४ चा प्रयोग. टाक्यांमध्ये साधे आणि जनुकवाले मासे एकत्र ठेवले. काही टाक्यांत खाद्य भरपूर, काहींत तुटपुंजं. भरपूर खाद्य होतं तिथे सगळं आलबेल, साध्या माशांचंही काही बिघडलं नाही. खाद्य कमी केलं त्या टाक्यांत मात्र, जिथे जनुकवाले होते तिथे, मोठे दांडगे मासे पुढे आले, त्यांनी खाद्य अडवलं, शेजाऱ्यांना खाल्लं, आणि टाकीची लोकसंख्या कोसळली. काही टाक्या तर पूर्ण संपल्या. फक्त साधे मासे असलेल्या टाक्या तेवढ्याच तुटपुंज्या खाद्यावर बऱ्यापैकी टिकून राहिल्या. त्यांनी भूक आवरली होती.

इथे विरुद्ध बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही फॉरवर्ड लिहिणाऱ्यांच्याच रांगेत. याच गटानं पुढे, २००७ मध्ये, कृत्रिम ओढ्यात, म्हणजे दगडगोटे आणि नैसर्गिक खाद्य असलेल्या पाण्यात हे मासे वाढवले. साध्या टाकीत जे मासे जंगली भावंडांच्या तिप्पट लांब व्हायचे, ते तिथे जेमतेम वीस टक्क्यांनी लांब झाले. म्हणजे जनुक तेच, स्विच तोच, पण पोतं नाही म्हणून वाढ नाही. तिप्पट वाढ जनुकात नव्हतीच, ती जनुक अधिक पोतं अशी होती. फोटोत पोतं दिसत नाही.

आता कॉलेजच्या ग्रुपवाल्यांकडे वळतो. त्यांचं ठरलेलं उत्तर: "अरे पण कंपनी म्हणते की हा मासा पंचवीस टक्के कमी खातो!" बरोबर, म्हणायची. वर सांगितलेल्या मोजमापात सुधारणा दहा टक्क्यांच्या आसपास होती, पण आकडा सोडा, दिशा खरी आहे. मग दिवसाला अडीचपट खाणारा मासा एकूण कमी कसा खातो? गाडी घ्या. दादरहून ठाण्याला जाताना ट्रॅफिकमध्ये उभं राहून जळतं ते पेट्रोल अंतरात मोजलं जात नाही. माशाचंही तसंच. नुसतं जिवंत राहायला रोज काही इंधन लागतं. तीन वर्षं जिवंत राहून चार किलो व्हायचं की दीड वर्षं, यात दीड वर्षाचं नुसतं उभं राहण्याचं इंधन वाचतं. म्हणून किलोमागे खाद्य कमी. यात लबाडी नाही, पण हे अर्धंच सत्य आहे.

कारण पंप किलोवर चालत नाहीत, दिवसावर चालतात. हे मासे समुद्रातल्या जाळ्यात ठेवायची परवानगी नव्हती, जमिनीवरच्या बंद टाक्यांतच ठेवायचे होते. तेवढ्याच संख्येच्या माशांच्या टाकीत रोज दुपटीहून जास्त खाद्य पडलं की ऑक्सिजन तेवढा जास्त, कल्ल्यातून बाहेर पडणारा अमोनिया तेवढा जास्त, तो खाणाऱ्या जिवाणूंचे फिल्टर तेवढे मोठे. वर्षाकाठी मालही जास्त निघतो, हे मान्य, त्यामुळे किलोमागचा हिशेब फार बिघडत नाही. बिघडते ती सवड. वीज गेली, पंप बसला, तर साध्या माशांच्या टाकीत तुमच्याकडे जितकी मिनिटं असतात तितकी इथे नसतात. कुठलाही प्लांट चालवणारा माणूस सांगेल की पैसे सरासरीवर मिळतात आणि झोप उडते ती सर्वात वाईट मिनिटावर.

मावसभावाच्या ग्रुपचं मात्र पटकन आटोपतो, कारण तिथे फारसं काही नाही. हे हार्मोन प्रथिन आहे. शिजलं की मोडतं, उरलंसुरलं आपल्या पोटात डाळीच्या प्रथिनासारखं पचतं. मधुमेहाचे रुग्ण इन्शुलिन साध्या गोळीसारखं गिळत नाहीत, टोचून घेतात, ते याच कारणानं. शिवाय माशाचं हार्मोन माणसाच्या पेशीवरच्या कुलपाला लागत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं कित्येक वर्षं कागदपत्रं चाळून १९ नोव्हेंबर २०१५ रोजी परवानगी दिली, खायला धोका नाही म्हणून. मला ते पटतं. वेगळं लेबल लावायची सक्ती नाही असंही त्यांनी तेव्हा सांगितलं. ते मला अजिबात पटत नाही. धोका नसला तरी घेणाऱ्याला माहिती असलीच पाहिजे. लपवलं की फॉरवर्डला पाय फुटतात.

आणि इंजेक्शनची एवढी भीती बाळगणारी हीच मंडळी रविवारी ब्रॉयलर आणतात. "त्यालाही इंजेक्शन देतात" हे आपल्याकडे घराघरात ठाम ठाऊक असतं. ब्रॉयलरला वाढीचं हार्मोन देत नाहीत. त्याला पिढ्यानपिढ्या निवडून निवडून भुकेलं केलेलं आहे. इतकं, की ज्या कोंबड्यांपासून ब्रॉयलरची अंडी मिळवतात त्यांना मोजूनमापून कमीच खाऊ घालावं लागतं. मनसोक्त खाऊ दिलं तर त्या लठ्ठ होऊन अंडी द्यायच्या कामाच्या राहत नाहीत. म्हणजे ती आयुष्यभर अर्धपोटी. बॉलकॉक इथेही मोडलेलाच आहे, फक्त सावकाश, आणि प्रयोगशाळेबाहेर. डेव्हलिन यांच्याच गटानं २००९ मध्ये दाखवलं की निवड पद्धतीनं जलद वाढवलेले कोहो आणि जनुक घातलेले कोहो यांच्या शरीरातले बदल पुष्कळसे सारखेच असतात. 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' अशी रेघ ओढून जे भांडतात त्यांनी हे एकदा वाचावं.

अमेरिकेतला वाद मी बऱ्यापैकी जवळून पाहिला. वाद कसला, तमाशाच म्हणायचा. 'फ्रँकनफिश' हे नाव आधीच पडलेलं. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोवस्की अग्रभागी. त्यांच्या राज्यात जंगली सामन पकडणाऱ्यांची पोटं यावर अवलंबून, त्यामुळे त्यांचा विरोध समजण्यासारखा, पण बोलणं सगळं भीतीच्या भाषेत. मोठमोठ्या दुकानसाखळ्यांनी आम्ही हा मासा ठेवणार नाही असं आधीच जाहीर केलं. लेबलाच्या भांडणात २०१६ ते २०१९ या मासळीच्या आयातीवरच बंदी. या सगळ्यात ज्याला माशाच्या भुकेबद्दलचा प्रश्न म्हणता येईल तो मला एकाच ठिकाणी दिसला. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी एफडीएला सुनावलं की हा मासा सुटून पाण्यात गेला तर काय होईल याचा तुम्ही नीट विचारच केलेला नाही. परवानगी त्यांनी रद्द केली नाही, पण अभ्यास परत करा म्हणाले. कंपनीचं म्हणणं, मासे सगळे मादी, जवळपास सगळे वांझ, आणि टाक्या समुद्रापासून कोसो दूर इंडियानात. तेही खोटं नव्हतं.

अखेर २०२१ मध्ये इंडियानातल्या आल्बनी गावच्या शेडमधून पहिला माल अमेरिकन बाजारात गेला. पहिल्या माशापासून बत्तीस वर्षांनी! निम्म्या वेळात वाढणारा मासा. असो.

आणि मग तो बुडाला. निदर्शनांनी नाही, कोर्टानंही नाही. ओहायोत मोठा कारखाना उभारायला घेतला होता, त्याच्या खर्चाचा अंदाज फुगत फुगत पन्नास कोटी डॉलरच्या घरात गेला आणि २०२३ मध्ये काम थांबलं. २०२४ मध्ये इंडियानाची शेतीही विकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं मासे वाढवणं पूर्ण बंद केल्याचं जाहीर केलं. नकार देणारी दुकानं, वर्षानुवर्षं अडकलेलं भांडवल, हे सगळं होतंच. पण मासा दीड वर्षात वाढला तरी सिमेंट, पंप, वीज आणि पोती यांची बिलं त्याच्याहून वेगानं वाढत होती. जनुकानं फक्त मासा बदलला, बाकीचा कारखाना जुन्याच भावात उभा राहिला.

आता ज्यांना हे तंत्र 'आपल्याकडे आणायचं' आहे त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, ते आपल्याकडे कधीच झालेलं आहे. मदुराई कामराज विद्यापीठात टी. जे. पांडियन यांच्या गटानं रोहू माशात रोहूचंच वाढीचं जनुक जादा घालून तो कितीतरी पट वेगानं वाढवून दाखवला, २००४ मध्ये प्रसिद्धही केला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच वाढीसोबत खाद्य-रूपांतर हा शब्द आहे, म्हणजे पांडियन यांना प्रश्न नेमका कळलेला होता. तो मासा तळ्यात आला नाही. तळ्यात आला तो 'जयंती' रोहू. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं १९९२ पासून साध्या निवड पद्धतीनं तयार केलेला, दर पिढीला सतरा-अठरा टक्के जास्त वाढणारा. गाजावाजा नाही, कोर्ट नाही, फोटोही नाही.

पण जयंती असो की पांडियन यांचा, तळ्यातला रोहू आपल्याकडे वाढतो तो मुख्यतः भाताच्या कोंड्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर. ही पेंड आज कोण खातं? म्हैस. मत्स्यशेतीत निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च खाद्याचाच असतो, त्यामुळे माशाची भूक वाढली की तळेवाला आणि गोठेवाला एकाच दुकानासमोर उभे राहतात. हा हिशेब मांडलेला मला एकाही उत्साही मित्राच्या मेसेजमध्ये दिसलेला नाही.

सामन किंवा कोळंबी असेल तर पेंडीवर भागत नाही, मासळीची पूड लागते. वनामी कोळंबी आपल्याकडे २००९ पासून रीतसर आली आणि तिचं सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच झालं. इथल्या दुकानात फ्रीझरमध्ये 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' वाचून मला बरं वाटतं, नाही असं नाही. पण ती कोळंबी खाते त्या खाद्यात फिशमील असतं, आणि फिशमील होतं तारली-पेडव्यासारख्या माशांचं, जे कोकणातल्या गरिबाच्या ताटातलं स्वस्त कालवण आहे. किनाऱ्याजवळ पर्ससीन जाळ्यांनी हे थवेच्या थवे उचलले जातात म्हणून पारंपरिक मच्छीमारांनी किती आरडाओरडा केला, २०१६ मध्ये राज्य सरकारला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. त्या भांडणात हार्मोन हा शब्दही आला नाही. पण भांडण कशाचं होतं? कोणाच्या भुकेला कोणता मासा घालायचा याचंच.

आणि मांगूर विसरलात का? आफ्रिकन मांगूर. भराभर वाढणारा, काहीही खाणारा, गढूळ पाण्यात तगणारा. देशात बंदी २००० सालापासून, तरी भिवंडीकडे आणि उजनीच्या बाजूला इंदापूरकडे तळीच्या तळी भरलेली. हरित लवादानं २०१९ मध्ये बडगा उचलल्यावर सरकारी माणसं जाऊन ती तळी बुजवत होती. त्या माशात कोणी जनुक घातलेलं नव्हतं, इंजेक्शन तर नाहीच. तो एवढा स्वस्त आणि एवढा जलद कसा, हे विकत घेणाऱ्यांनी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: कत्तलखान्यातलं आणि कोंबडीच्या दुकानातलं टाकाऊ मांस. मावसभावाच्या ग्रुपवर यातलं काही फिरलं नाही. अमेरिकेतला सामन फिरला, जो त्याच्या ताटात कधी येणारच नव्हता.

राज्यात उद्या वेगानं वाढणाऱ्या माशाची कुठलीही योजना आली, मग ती निवड पद्धतीची असो, जनुकाची असो की बाहेरच्या जातीची, तर वाढीचा आकडा पहिल्या पानावर छापलेला असेलच. माझी मागणी एवढीच आहे की त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात, आणखी तीन आकडे असावेत: दिवसाचं खाद्य किती, ते कशाचं बनलंय, आणि आज ते कोण खातंय. हे आकडे देता येत नसतील तर ती योजना अर्धीच लिहिलेली आहे, आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाळ्या वाजवायच्या आधी उरलेली अर्धी मागवून घ्या.